खऱ्यातून निघालेला शब्द

येरमाळ्याच्या चौकात, एसटी थांबते त्याच्या पलीकडच्या लिंबाखाली एक जीप उभी असते. ती गुलाब ओव्हाळची. जीपचा रंग पांढरा, असं कागदावर लिहिलंय; डोळ्यांनी बघितलं तर तो हायवेच्या धुळीचा आहे. गुलाबही तसाच. साठीच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी रेंगाळलेला, गळ्यात पंचा, आणि बोलायच्या आधी एक लांब सुस्कारा. जीप आणि गुलाब चढाला सारख्याच धापा टाकतात, असं चौकातली पोरं म्हणतात. गुलाबला ते ऐकू येतं. रागावायलाही दम लागतो म्हणून तो रागवत नाही.

येडाईच्या जत्रेत ही जीप भक्त वाहते, लग्नसराईत वऱ्हाड वाहते, एरवी कळंबच्या सवाऱ्या. पण पंचक्रोशीत तिची खरी ओळख वेगळ्याच कामाची. कुणाच्या घरी मयत झालं आणि लेक लांब दिलेली असली, की पहिला फोन गुलाबला जातो. आपल्याकडं लेकीला आईबाप गेल्याचं तोंडावर सांगत नाहीत. "जरा सिरियस हाय, बघून जा" एवढंच म्हणायचं, गाडीत घालायचं आणि माहेरच्या दारात आणून सोडायचं. पुढचं काय ते दार सांगतं. उंबऱ्याबाहेरचा चपलांचा ढीग सांगतो. सासरी फोन करून खरं कळवलेलं असतं, शेजारपाजारी कळलेलं असतं, पिठाच्या गिरणीतसुद्धा कळलेलं असतं. सगळ्या दुनियेला ठाऊक, फक्त जिचं माणूस गेलं तिला सोडून. वाटेत रडून तिचं काही बरंवाईट होऊ नये, म्हणून. लोक हे मायेनंच करतात, त्यात काही खोट नाही.

मात्र या कामाला खोटं बोलता आलं पाहिजे, तेही गाडी चालवत, खड्डे चुकवत. गुलाबला ते जमायचं. आवाज मऊ, नजर रस्त्यावर, उत्तर आखूड. त्यामुळं भाडी त्यालाच.

घरी त्याची आई बनाबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, कान गेलेले पण जीभ शाबूत. असल्या भाड्यावरून गुलाब आला की ती हमखास सुरू करायची.

"तुझ्या आज्यानं ह्येच काम केलं, पायी. कुणाचं मयत झालं की पाटलाचा हुकूम यायचा, आन् ते म्हातारं काठी घेऊन गावोगाव सांगावा देत फिरायचं. दुसऱ्याच्या दारात लांब उभं राहून वरडायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो आन् तुझ्या बापानं सांगितलं, आजपास्नं ही काठी बंद. चुलीत घातली काठी, म्या भाकरी भाजली तिच्यावर. आन् तू आता डिझेल जाळून तेच करायलास."

"आजा हुकमानं जायचा आई. म्या माझ्या मर्जीनं जातो."

"आज्याचं तेवढं एक बरं व्हतं," बनाबाई म्हणायची. "त्यो निदान खरं वरडायचा."

यावर गुलाब सुस्कारा सोडून हातपाय धुवायला जायचा. दुसरं काय करणार?

तसे या धंद्यात हसायचे प्रसंगही आले. पाथरूडकडची एक बाई होती. सगळं कसं जमून आलेलं. "दादा दवाखान्यात हायेत, बोलतेत, सकाळी चहा घेतला." त्यातला चहा गुलाबनं पदरचा घातला होता. तेवढ्यात कुण्या भाच्यानं मोबाईलवर स्टेटस टाकलं, दादांचा हार घातलेला फोटो आणि खाली जोडलेले दोन हात. बाईनं फोटो बघितला, गुलाबच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाली, "ओ मामा, चहा पिलेला माणूस हारात कसा?" आणि हातातली पिशवी घातली की डोक्यात! पिशवीत स्टीलचा डबा होता. तेव्हापासून गुलाबची पहिली अट, भाड्याला निघायच्या आधी घरातल्या पोरांचे मोबाईल काढून घ्यायचे.

पण एक प्रसंग असा झाला की त्यावर हसू येत नाही. एका लिंगायत घरची लेक होती, बापाची लाडकी. वाटेत तिनं मोसंबी घेतली. घरी पोचल्या पोचल्या खायला द्यायची म्हणून गाडीतच सोलायला बसली. शिरा काढून, बिया काढून, एकेक फोड रुमालावर. गुलाब आरशात बघत होता आणि काही बोलला नाही. आता लिंगायतांत मयताला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, गळ्यात हार, पुढं दिवा. लेकीला हे ठाऊक नव्हतं का? पण उन्हातून आलेली, डोळ्यांपुढं अंधारी. बाप बसलेला दिसला. "अप्पा, उठून बसलाव व्हय!" म्हणत ती हसत पुढं गेली, रुमाल पुढं केला. मग तिला कळलं.

त्या दिवसापासून असल्या भाड्याचा शीण गुलाबच्या अंगातून दोन-दोन दिवस जात नव्हता. पाठ दुखायची, असं तो सांगायचा. डॉक्टरनं पाठीला गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, पाठ तशीच.

आता यंदाच्या उन्हाळ्याची गोष्ट. गुलाबची लेक दीक्षा बी.एड. करते. मास्तरीण व्हायचं तर आधी वर्गापुढं पाठ घ्यावे लागतात, आणि तिला आठवीच्या पोरांपुढं इंग्रजीचा पाठ होता. एका शब्दाचा अर्थ आणि वापर. सकाळी तिनं अंगणात आजीला आणि बापाला पुढं बसवलं, हातात पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर बाळाला थोपटणारी बाई.

"आजचा शब्द, सूद," दीक्षा म्हणाली.

"सावकाराचा?" बनाबाईनं विचारलं.

"आजी, त्यो उर्दूतला. ह्यो इंग्रजीतला. सूद म्हणजे दुखणाऱ्या माणसाला शांत करणं. आई रडणाऱ्या लेकराला सूद करते. मलम भाजलेली जागा सूद करतं. गरम पाणी घसा सूद करतं. माणसालाबी करता येतं, दुखण्यालाबी. आवाज मऊ असला तर त्याला म्हणायचं सूदिंग आवाज. पण पोरांनो, ध्यानात ठेवा…"

"आमी पोरं व्हय गं?"

"आजी, गप की! ध्यानात ठेवा, बरं करणं वेगळं. मलमानं भाजलेलं भरून येत न्हाय, आग तेवढी कमी हुती."

"मंग निववणं म्हण की," बनाबाई म्हणाली. "आग निवते, जीव निवतो. येवढा पुठ्ठा कशाला पायजे?"

दीक्षानं गुपचूप कार्डाच्या मागं 'निववणं' लिहून घेतलं. मग म्हणाली, "आमचे सर म्हणतात, शब्दाची कहाणी सांगितली की पोरं ऐकतात. तर ह्या शब्दाचं मूळ लई जुनं. त्या मुळाचा अर्थ, खरं. पहिल्यांदा सूद करणं म्हणजे एखादी गोष्ट खरी हाय असं दाखवून देणं. मंग काही काळानं त्याचा अर्थ झाला, समोरचा जे म्हणंल त्याला 'खरं हाय, खरं हाय' म्हणत ऱ्हाणं. आन् त्याच्यातनं शेवटी झाला, समजूत काढणं, शांत करणं."

गुलाब इतका वेळ पाठीला उशी लावून बसला होता. तो हलला. "म्हंजी शब्द निघाला खऱ्यातनं, आन् हांजी-हांजी करत समजुतीला आला?"

"व्हय पप्पा."

"इंग्रजांचंबी आपल्यावाणीच की," गुलाब म्हणाला आणि पुन्हा उशीला टेकला. "वाटंत खरं सांडलं कुठं, ते कुणी बघितलं न्हाय."

"पप्पा, आठवीची पोरं असं इचारत नसतेत," दीक्षा म्हणाली, आणि तेवढ्यात गुलाबचा फोन वाजला. हायवेवरच्या किराणा दुकानाच्या गौरीशंकरचा. गुलाबनं ऐकून घेतलं, 'येतो' म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला.

"कोण?" बनाबाईनं विचारलं.

"रेवणप्पाची शांतम्मा गेली, गौरीची आई."

बनाबाईचं तोंड त्या दिवशी बंद राहिलं. शांतम्मा तिच्यापेक्षा लहान होती.

रेवणप्पाचं दुकान पुढं, घर मागं. गुलाब गेला तेव्हा शांतम्माला न्हाऊ घालून बैठकीत बसवायची तयारी चालली होती. रेवणप्पा दुकानाच्या पायरीवर, बंद शटरला पाठ लावून. गौरीशंकरची बायको वैष्णवी मागच्या दाराशी येईल त्याला एकच गोष्ट सांगत होती. गुलाबलाही तिनं ती सांगितली. "दूध तापायला ठेवलं व्हतं. 'वैष्णवी, दूध बघ, उतू जाईल' म्हणाल्या आन् खाली बसल्या. म्या दूध उतरवून वळले, तवर संपलं व्हतं. दूध उतू गेलं न्हाय बघा, पण त्या…" आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

गौरीशंकरनं गुलाबला बाजूला घेतलं. "गुलाबभाऊ, महेश्वरीला आणायचंय सोनारीहून. दाजी पुण्याला हायेत, ते तिकडनं परस्पर येतेत. तिच्या सासूला फोन केलाय, ते लोक मागनं मोटारसायकलवर येतेत. तिला काय बी कळू द्यायचं न्हाय. बीपीची गोळी चालू हाय तिला. दिवस मावळायच्या आत माती करायची."

"तिच्यासंगं बाईमाणूस कोण?"

"कोण मोकळं हाय सांगा? तुमी हाव की. तुमच्यावाणी कुणाला जमत न्हाय."

हे कौतुक ऐकून गुलाबची पाठ आणखी दुखली.

भूम ओलांडून सोनारीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. देवळाच्या बाजूच्या गल्लीत जीप थांबली तोच टपावर एक वानर येऊन बसलं. महेश्वरी दारात उभीच होती, चाळिशीची, अंगानं आईवर गेलेली. सासूनं तिची पिशवी भरून ठेवलेली. सासू डोळ्याला डोळा देईना.

"काय झालंय अव्वाला, मामा?"

"चक्कर आली. जरा सिरियस हाय. बघून या म्हणलेत," गुलाब म्हणाला. सूदिंग आवाज. स्वतःच्याच कानाला तो आज शिळ्या कढीसारखा लागला.

जीप निघाली. महेश्वरी पुढंच बसली. थोडा वेळ फोन लावत राहिली. गौरीशंकर उचलेना, वैष्णवीचा बंद. मग फोन पिशवीत ठेवून दिला आणि बोलायला लागली. बोलणं म्हणजे काय, तिनं आईशी भांडायचीच तयारी चालवली होती.

"परवा म्या फोन ठेवला तिच्या तोंडावर. तेच तेच सांगती हो मामा. शेंगा पाठवल्या त्या भिजवून खा, पोराला दूध देत जा, अंगण झाड. म्या काय नवरी हाव का काल आलेली? म्हणलं, अव्वा, पुरे, आन् ठेवला. आज गेल्यावर ती मला बोलणार बघा. बोलू द्या. म्या ऐकून घेणार. म्हणणार, बरं अव्वा. दुसरं काय बी म्हणणार न्हाय."

"हां," गुलाब म्हणाला.

"बोलती तर हाय ना?"

पुढं एक उसाची ट्रॉली होती. गुलाबनं तिचं निमित्त करून हॉर्न वाजवला, बराच वेळ वाजवला. ट्रॉलीवाला मागं वळून शिव्या द्यायला लागला. महेश्वरीनं पुढं काही विचारलं नाही.

भूमला त्या दिवशी बाजार होता. रस्त्यात माणूस मावत नव्हतं. जीप बागवानांच्या हातगाड्यांशी आली तशी महेश्वरी म्हणाली, "मामा, जरा थांबवा. अव्वाला काय तरी घेते. दात न्हाईत तिला. चिकू घेते."

"उशीर व्हईल, ताई."

"दोनच मिनिटं."

ती उतरली. हातगाडीवर चिकूचा ढीग, मागं पांढऱ्या दाढीचा बागवान. महेश्वरी एकेक चिकू अंगठ्यानं दाबून बघायला लागली, पिकलेला बाजूला, कडक मागं. पिशवीत चार पडले, पाच पडले. गुलाब स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. जीपच्या काचेतून त्याला तिचे हात दिसत होते आणि त्या हातांच्या जागी दुसऱ्या एका बाईचे, मोसंबीच्या शिरा काढणारे. आता तासाभरानं ही पिशवी घेऊन त्या बैठकीत जाणार. समोर आई बसलेली असणार, हार घालून, मांडी घालून.

तो उतरला. कंबर धरत जीपला वळसा घालून गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"ताई, नका घेऊ."

"का? चालत न्हाईत तिला?"

शेजारी कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होता. महेश्वरी चिकू दाबत होती, पण आता कुठं दाबतेय याकडं तिचं लक्ष नव्हतं. अंगठा चिकूत घुसला.

"मामा, बोला की."

"अव्वा गेली, ताई. सकाळीच. गौरीनं सांगू नको म्हणलं व्हतं. म्या सांगायलो."

एवढ्या गलक्यात ते तिघांनाच ऐकू गेलं. तिला, गुलाबला आणि बागवानाला. बागवानानं हातगाडीखालचा स्टूल ओढून बाहेर काढला. "बैठो बेटी. पानी पियो." पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मग तिच्या हातातली पिशवी हळूच सोडवून घेतली आणि आतले चिकू एकेक करून पुन्हा ढिगावर ठेवले, आवाज न करता, जसं काही कुणी झोपलंय.

महेश्वरी ओरडली नाही, पडली नाही. तोंडाला पदर लावून बसून राहिली. बाजार दोन्ही बाजूंनी वाहत होता. एक बाई चिकूचा भाव विचारून गेली, बागवानानं हातानंच तिला पुढं जायला सांगितलं. गुलाबला बसायला दुसरा स्टूल नव्हता, तो हातगाडीच्या चाकाला टेकून उभा राहिला.

मग ती उठली. "चला मामा."

गाव मागं पडल्यावर ती रडली. चांगली मोठ्यानं, डॅशबोर्डवर डोकं टेकवून. गुलाबनं जीप बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. 'उगी राहा' म्हणाला नाही. म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. पण त्याला वाटलं, आता तिचं तिला रडू द्यावं.

तिनं हाक मारली तेव्हा तो येऊन बसला.

"तुमची जीप दारात बघितली, तवाच शंका आलती," महेश्वरी म्हणाली. नाक पदराला पुसत होती. "सगळ्यांना ठाऊक हाय मामा, तुमची जीप कशासाठी येती. आन् सासूबाई कधी भांडल्याबिगर माहेरला धाडतेत व्हय? पण तुमी बोलेना, म्हणून म्या इचारीना. म्हणलं, चिकू घेऊन बघावं. तुमी घेऊ दिले तर ती हाय. न्हाय घेऊ दिले तर…"

गुलाबनं तिच्याकडं बघितलं. आजपर्यंत या सीटवर बसलेल्या कितीतरी बायांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. त्यातल्या किती जणींना ठाऊक असेल? तो त्यांना सांभाळत होता, का त्या त्याला सांभाळत होत्या? 'हां मामा, हां मामा' म्हणत?

"आता इचारते ते खरं सांगा," ती म्हणाली. "जवळ कोण व्हतं?"

"वैष्णवी."

"तरास झाला?"

"न्हाय. उभी व्हती, बसली, संपलं."

जीप चालू झाली होती. एक ओढा गेला, एक फाटा गेला.

"माझं नाव घेतलं?"

आता हा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर सगळ्या गावाला तोंडपाठ आहे. 'तुझंच नाव घेत होती गं बाई शेवटपर्यंत.' कुणीही हेच म्हणालं असतं. म्हणायला पैसा लागत नाही, ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गुलाबनंही याआधी कितीदा म्हटलंय. त्यानं गिअर बदलला. एक लांब सुस्कारा सोडला.

"न्हाय ताई. म्हणली, 'वैष्णवी, दूध बघ, उतू जाईल.' तेवढंच."

महेश्वरी त्याच्याकडं बघत राहिली. आणि मग तिच्या तोंडातून एक असा आवाज निघाला की गुलाबला वाटलं, आता हिला काहीतरी झालं. पण ते हसू होतं. रडण्याला चिकटून बाहेर आलेलं हसू.

"तीच ती," महेश्वरी म्हणाली. "आयुष्यभर दुधाकडं बघ, दुधाकडं बघ. माझ्या लग्नात अक्षता पडायल्या आन् ही मांडवातनं उठून गेलती, दूध उतू जाईल म्हणून. अप्पा अजून सांगतेत."

"आज न्हाय गेलं उतू," गुलाब म्हणाला. "वैष्णवीनं उतरवलं."

"माझ्यावर रागावलेली व्हती का?"

"व्हती. काल दुकानात गेलतो, तवा माझ्यासमोर म्हणली, पोरीनं फोन आपटला."

"मंग?"

"मंग काय. वैष्णवी सांगत व्हती, त्या दिशी रागात एक भाकर जास्तीची खाल्ली."

"रागात लई जेवायची अव्वा," महेश्वरी म्हणाली. मग तिनं डोकं सीटला टेकवलं. दोघंही दमली होती. पण ती दमणूक मघासारखी नव्हती. एकाच मोळीचं ओझं दोघांनी मिळून उचललं, की माणसं गप्प होतात, तशी होती.

येरमाळ्यात दुकानापुढं माणूस मावत नव्हतं. जीप दिसली तशा चार-पाच बाया पुढं सरसावल्या. एकीनं पदर खोचलेला, एकीच्या हातात फोडलेला कांदा, बेशुद्ध पडली तर हुंगवायला. "धरा गं धरा" असं एक म्हातारी आधीच म्हणायला लागली. महेश्वरी आपली आपण उतरली. त्या बायांच्या मधून चालत गेली. बैठकीच्या दारात क्षणभर थांबली, आणि आत जाऊन आईसमोर बसली. शांतम्माच्या डोक्यावरचा पदर एका बाजूनं घसरला होता. महेश्वरीनं तो दोन्ही हातांनी नीट केला. कपाळावरून ओघळलेली विभूती बोटानं पुसली. मग त्या गार हातावर कपाळ ठेवून, हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. जवळच्यांना वाटलं, मंत्र म्हणतेय. "बरं अव्वा, बरं अव्वा" म्हणत होती ती.

बाया मागं कुजबुजल्या. "रडली बी न्हाय गं." कांदावालीनं कांदा पदराआड केला.

गौरीशंकरला काय ते कळलं. तो गुलाबपाशी आला. "सांगितलंव तुमी."

"व्हय."

"तिला काय झालं असतं मंग? रस्त्यात? एवढं बजावून सांगितलं व्हतं. हेच करायचं व्हतं तर दुसरा कुणीबी गेला असता की."

"गेला असता," गुलाब म्हणाला. वाद घालायची ताकद त्याच्यात नव्हती. "पुढच्या वेळी दुसरा बघा. ह्यातनं आता म्या मोकळा झालो."

म्हणताना त्याला खरंच हलकं वाटलं. आता घरी जावं, आईच्या शेजारी आडवं व्हावं. माती व्हायला अजून वेळ होता. तेवढं तोंड दाखवून जावं म्हणून तो गर्दीतून मागं सरकत दुकानाच्या पायरीपाशी आला. रेवणप्पा सकाळी बसला होता तिथंच बसला होता, शटरला पाठ लावून. त्यानं हातानं शेजारची पायरी दाखवली. गुलाब बसला. दोन म्हातारे, एकाला शटरचा आधार, दुसऱ्याला खांबाचा.

"कुठं सांगितलंस?" रेवणप्पानं विचारलं.

"भूमच्या बाजारात, अण्णा."

"बाजारात?" रेवणप्पाच्या मिशा हलल्या. "चांगली जागा काढलीस."

"मला न्हाय व्हत आता, अण्णा. म्या दमलो."

"म्या बी." रेवणप्पानं रस्त्याकडं बघितलं. एक ट्रक गेला, पायरी थरथरली. "मुरूमला माझी धाकटी बहीण हाय. तुला ठाऊक हाय, नागम्मा. शांतम्मेची लई मैत्रीण. दोघी कन्नडमधी बोलायला लागल्या की मला घरातनं बाहीर जावं लागायचं. गौरी म्हणतो, आत्या म्हातारी हाय, अंथरुणावर हाय, तिला कळवायचंच न्हाय. कळवायचंच न्हाय म्हणतो! ती फोन करणार आन् ही पोरं म्हणणार, अव्वा झोपलीय, अव्वा देवळात गेलीय. कितीदा झोपणार ती?"

गुलाबला पुढचं कळलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"तू जा. दारातच सांग. चहा-पाण्याच्या आधी. तिच्याजवळ बस थोडा वेळ. दुधाचं सांग तिला, आज महेश्वरीला सांगितलंस ना, तसं."

"तुमाला कसं कळलं, म्या दुधाचं सांगितलं ते?"

"पोरगी आतनं आली, माझ्याजवळ बसली, आन् पहिलं तेच म्हणली."

आतून भजनाचा आवाज आला. माणसं उठायला लागली. गुलाबनं खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला, पाठीतून कळ गेली, तो पुन्हा खाली बसला. मुरूम म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक.

"निघतो," तो म्हणाला. "माती झाली की लगीच निघतो. पोचंस्तवर अंधार पडंल, पण…"

रेवणप्पानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उद्या जा," तो म्हणाला. "आजची रात झोपू दे नागम्माला."